टोंगळ्याचा जीव मांडीत

नाचणगावच्या शिवारात पोळ्याच्या आगेमागे निंदणाची घाई असते. पऱ्हाटीच्या दोन ओळींमध्ये बाया उकिडव्या बसतात, डाव्या हातानं गवत धरतात, उजव्यानं खुरपं चालवतात आणि न उठता पुढे सरकत जातात. एक पाय पूर्ण दुमडलेला, दुसरा थोडा पुढे, टाचा उचललेल्या, अंगाचा सगळा भार चवड्यांवर आणि गुडघ्यांत. धुरा आला की मांडीवर हात रोवून उठायचं, पाठ सरळ करायची आणि पुढचा तास धरायचा. दिवस असाच जातो. रात्री एरंडाचं पान शेकून गुडघ्याला बांधलं जातं. कुणी बिब्बा लावतं आणि वरून कातडी भाजून घेतं. तरीही उतार पडला नाही की पुलगावचा दवाखाना गाठायचा आणि सांगायचं, "टोंगळे दुखून राह्यले जी."

निदान मात्र दवाखान्याच्या आधीच झालेलं असतं. शेजारीण सांगते, मालिशवाला सांगतो, कधी घाईत असलेले डॉक्टरही सांगून मोकळे होतात: वंगण संपलं. बंडीच्या आखाला तेल मिळालं नाही की चाक कुरकुरतं, आख झिजतो. तेल घातलं की बंडी पुन्हा चालते. गुडघ्याचंही तसंच असणार, असं सगळ्यांना वाटतं. उपमा झकास आहे, पण चुकीची. ती एकदा डोक्यात बसली की माणूस तेलाच्या शोधात पैसे घालवत राहतो आणि गुडघा ज्याच्या जिवावर उभा असतो त्या मांडीच्या स्नायूकडे कुणाचं लक्षच जात नाही.

आधी वंगणाचंच पाहू. गुडघ्याच्या सांध्याभोवती एक पिशवी असते आणि तिचं आतलं अस्तर चिकट, पारदर्शक द्रव तयार करतं. निरोगी गुडघ्यात हा द्रव असतो तरी किती? तीन-चार मिलिलिटर, म्हणजे चहाचा चमचाही भरणार नाही. गुडघा सुजतो तेव्हा तो कमी झालेला नसतो, उलट वाढलेला असतो. डॉक्टर जाड सुईनं सिरिंज भरभरून "पाणी काढतात" ते हेच पाणी. म्हणजे ज्या बाईला वंगण संपल्याचं सांगितलं जातं, तिच्या सुजलेल्या गुडघ्यात ते नेहमीपेक्षा कितीतरी जास्त असतं. फरक पडतो तो त्याच्या दर्जात: ते पातळ होतं. आणि झिजते ती हाडांच्या टोकांवर बसलेली कूर्चा.

ही कूर्चा पांढरी, गुळगुळीत आणि काही मिलिमीटर जाडीची असते. गुडघ्याच्या वाटीच्या मागच्या बाजूला तर ती सहा मिलिमीटरपर्यंत जाड असते. शरीरात इतकी जाड कूर्चा दुसरीकडे नाही. तिच्यात रक्तवाहिनी नसते आणि मज्जातंतूही नसतात. मज्जातंतू नाहीत म्हणून ती स्वतः दुखत नाही. दुखतं ते पिशवीचं अस्तर, कूर्चेखालचं हाड, आजूबाजूचे स्नायू. रक्त नाही म्हणून ती फाटली तर कातडीसारखी भरून येत नाही. मग ती जगते कशावर? त्याच चमचाभर द्रवावर. पाऊल टेकलं की कूर्चा दाबली जाते, उचललं की सैल होते, आणि या दाबण्या-सुटण्यात द्रव आतबाहेर होऊन तिला पोषण मिळतं. त्यामुळे दुखतंय म्हणून महिनोन् महिने खाटेवर बसून राहणं हा गुडघ्याला विसावा नसून उपवास आहे.

विनोबा भावे १९५१ साली वर्ध्याहून पायी निघाले आणि पुढची तेरा वर्षं देशभर चालत राहिले. एका माणसावरून शास्त्र ठरत नाही, हे मान्य. पण हौसेनं, बेतानं धावणाऱ्यांमध्ये गुडघ्या-खुब्याची झीज बैठं आयुष्य जगणाऱ्यांपेक्षा कमी आढळते, असं मोठमोठ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतल्यावर दिसलं आहे. चालल्यानं गुडघे झिजतात ही समजूत आता सोडायला हरकत नाही.

आता वाचता वाचता एक करून पाहा. खाली बसा, पाय समोर लांब पसरा आणि मांडी अगदी सैल सोडा. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत गुडघ्याची वाटी धरा. ती डावी-उजवीकडे सहज सरकते. आता गुडघ्याची मागची बाजू जमिनीवर दाबा, म्हणजे मांडीचा पुढचा भाग आवळला जाईल. वाटी एकदम वर खेचली जाते आणि मग हलता हलत नाही. हीच मेख आहे. वाटी हे कुठल्याही हाडाला जोडलेलं हाड नाही. ते मांडीच्या चार स्नायूंच्या कंडरेत बसवलेलं आहे. जन्मतः ते कूर्चेचंच असतं, वयाच्या तिसऱ्या ते सहाव्या वर्षादरम्यान त्याचं हाड बनू लागतं. वाटीमुळे कंडरा गुडघ्याच्या आसापासून थोडी पुढे राहते, आणि एवढ्याशा अंतरानं मांडीच्या स्नायूंची पाय सरळ करण्याची ताकद जवळपास एक-तृतीयांशानं वाढते. अपघातात वाटी फुटून काढावी लागलेल्या माणसाला जिना चढताना याचा अर्थ कळतो.

पाय सरळ करण्याच्या शेवटच्या पंधरा-वीस अंशांत आणखी एक गंमत घडते. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला दोन गोलवे असतात आणि आतला गोलवा बाहेरच्यापेक्षा थोडा लांब असतो. त्यामुळे पाय पूर्ण सरळ होताना नडगी बाहेरच्या अंगाला किंचित फिरते आणि सांधा कुलूपबंद होतो. बसच्या रांगेत आपण तासभर उभे राहू शकतो ते या कुलपामुळे. मांडीला सतत जोर लावावा लागत नाही. कुलूप उघडण्यासाठी गुडघ्याच्या मागे एक छोटा स्नायू खास नेमलेला आहे. तेव्हा गुडघा हा बिजागरीचा सांधा, असं शाळेत शिकवतात ते निम्मंच खरं. तो वाकतो, घसरतो, घरंगळतो आणि फिरतोही. वाकलेल्या गुडघ्यात तर नडगी बऱ्यापैकी डावी-उजवीकडे फिरते, आणि नेमक्या याच फिरण्याच्या मुभेत त्याच्या बऱ्याचशा दुखापती दडलेल्या आहेत.

मांडीच्या हाडाचे गोलवे गोल आणि नडगीचं डोकं जवळजवळ सपाट. या दोघांचा मेळ बसावा म्हणून मध्ये दोन अर्धचंद्राकृती गाद्या असतात. त्यांची कहाणी वैद्यकाच्या गर्वहरणाची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या सटन नावाच्या शल्यविशारदानं या गाद्या म्हणजे पायाच्या कुठल्यातरी जुन्या स्नायूचे निकामी अवशेष आहेत, असं लिहून ठेवलं. मग काय, गादी फाटली की काढून टाका, असा शिरस्ताच पडला. १९४८ साली फेअरबँक यांनी गादी काढलेल्या गुडघ्यांचे क्ष-किरण फोटो तपासले आणि त्या बाजूची हाडं बदलू लागल्याचं दाखवलं. पाय सरळ असताना गुडघ्यावरचा निम्मा भार या गाद्या वाहतात आणि नव्वद अंशांत वाकल्यावर तर ८५ टक्क्यांच्या आसपास, हे पुढे मोजलं गेलं. गादीच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, म्हणून तिथली फाट शिवली तर सांधते. आतल्या कडेची सहसा नाही. आतल्या बाजूची गादी शेजारच्या अस्थिबंधाला चिकटलेली असते, तिला सरकायला जागा कमी, म्हणून जास्त वेळा तीच फाटते. फाटलेला तुकडा मध्ये अडकला तर गुडघा अर्ध्यावरच अडतो, सरळही होत नाही. असा अडलेला गुडघा जोर लावून सोडवायचा नसतो, दवाखान्यात न्यायचा असतो.

अस्थिबंध, म्हणजे आता सगळे ज्याला लिगामेंट म्हणतात ते, मुख्य चार. दोन बाजूंना दोन, आणि सांध्याच्या मधोमध एकमेकांना फुली मारणारे दोन. फुलीतला पुढचा बंध लांबीला जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर आहे, पण तरुणांच्या गुडघ्यावरची सर्वांत मोठी आपत्ती त्याचीच. नडगीला पुढे सरकू न देणं आणि वेडंवाकडं फिरू न देणं हे त्याचं काम.

आपल्या भागात तो तुटतो कबड्डीत. वऱ्हाडानं या खेळावर फार जीव लावला आहे. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं तिथे कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. चढाईपटू रेषेकडे परत वळतो, पाय रोवलेला, धड फिरलेलं, गुडघा आतल्या बाजूला पडलेला. पुष्कळदा त्याला कुणी हातही लावलेला नसतो. त्याच क्षणी आतून 'टक्' असा आवाज येतो, जो पोराला स्वतःला ऐकू येतो. दोन-तीन तासांत गुडघा फुगतो, कारण बंधासोबत रक्तवाहिनी तुटून सांध्यात रक्त भरतं. गादी फाटली तर सूज सावकाश, रात्रभरात येते. सूज किती वेळात आली हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा, आणि डॉक्टर तो विचारायच्या आत आपणच उत्तर सांगावं. मॅटवर बुटाची पकड मातीपेक्षा घट्ट असते, पाय रुतून बसतो आणि वळणारं अंग सगळा पीळ गुडघ्याला देतं, हेही खेळाडूंनी ध्यानात ठेवलेलं बरं. मुलींमध्ये हा बंध तुटण्याचं प्रमाण त्याच खेळातल्या मुलांपेक्षा निदान दुपटीनं जास्त असतं.

यानंतर गावात हमखास होणारी चूक म्हणजे चोळणाऱ्याकडे नेणं. पहिले दोन-तीन दिवस चोळणं, शेकणं, ओढून "बसवणं" काही नको. बर्फ कापडात गुंडाळून थोडा थोडा वेळ ठेवावा, पट्टी बांधावी, पाय उशीवर उंच ठेवावा. आठवडाभरात सूज उतरते आणि पोरगं चालू लागतं, म्हणून सगळे विसरतात. मग महिन्याभरानं मैदानात उतरतं, गुडघा दगा देतो आणि या वेळी बंधासोबत गादीही जाते.

तुटलेला बंध म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, असंही नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळणाऱ्या रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया, दुसऱ्याला आधी शिस्तीत व्यायाम आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी, आणि नंतर पाच वर्षांनीही, दोन्ही गटांचे गुडघे सारखेच होते. व्यायामाच्या गटातल्या जवळपास निम्म्यांना शस्त्रक्रिया लागलीच नाही. कबड्डीत परत उतरायचंच असेल, गुडघा वारंवार निसटत असेल, तर मांडीच्या मागची कंडरा घेऊन नवा बंध बसवतात. मात्र त्यानंतर नऊ महिने मैदानाचं नाव काढायचं नाही.

पोलीस भरतीच्या तयारीची पोरं हा वेगळा वर्ग. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. जाहिरात निघाली की पहाटे डांबरी रस्त्यावर पळापळ सुरू होते, आणि तीन आठवड्यांत वाटीभोवती दुखू लागतं, विशेषतः जिना उतरताना आणि खूप वेळ बसून उठताना. काही तुटलेलं नसतं. सवय नसलेल्या गुडघ्यावर भार एकदम वाढवला, एवढाच गुन्हा. अंतर हळूहळू वाढवावं, मांडीचा आणि खुब्याचा जोर वाढवावा, की बहुतेकांचं थांबतं.

निंदणाऱ्या बाईचं दुखणं मात्र इतक्या सहज सुटणारं नाही. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. पूर्ण वाकून बसल्यावर वाटीमागच्या कूर्चेवर तो सात-आठ पटींपर्यंत जातो. क्षणभर असं बसण्यात काही वाईट नाही, आपण जन्मभर बसत आलो. वाईट आहे ते तासन् तास बसणं. बीजिंगमधल्या वृद्धांना त्यांच्या पंचविशीत ते रोज किती वेळ उकिडवे बसत असत हे विचारलं गेलं. जे रोज दोन-तीन तास बसत त्यांच्यात म्हातारपणी गुडघ्याची झीज ठळकपणे जास्त निघाली. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये घरोघर पाहणी सुरू केली. सुमारे चार हजार प्रौढांपैकी १८ टक्क्यांना सांधे-स्नायूंचं काही ना काही दुखणं होतं, तर झिजेचा संधिवात सहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बहुसंख्य दुखण्यांत सांधा झिजलेला नव्हताच. ते कष्टाचं, स्नायूंचं दुखणं होतं.

टोंगळा दुखतो म्हणजे बिघाड टोंगळ्यातच आहे, असंही धरून चालू नये. खुबा आणि गुडघा यांना मज्जातंतू सामाईक आहेत, त्यामुळे खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं. विदर्भात याला विशेष महत्त्व आहे, कारण इथे सिकलसेलचं प्रमाण मोठं. या आजारात खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो बसू शकतो, आणि विशी-पंचविशीतला मुलगा लंगडत येऊन गुडघ्यावर हात ठेवतो. गुडघ्याचा फोटो चांगला निघतो, गोळ्या दिल्या जातात, वर्ष जातं. लहान मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल, तरी खुबा तपासून घ्यायलाच हवा. चिकुनगुन्यानंतर महिनोन् महिने आखडणारे गुडघे निराळे. आणि ताप, लाल-गरम गुडघा आणि हलवताच जीव जाणारी कळ असं एकत्र आलं तर सांध्यात पू असू शकतो. तिथे दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

आता तेलाच्या बाजाराकडे. कूर्चेचं खाद्य म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्या अमेरिकेत दीड हजारांहून अधिक रुग्णांवर तपासल्या गेल्या. २००६ साली निकाल आला, एकंदरीत खोट्या गोळीपेक्षा सरस नाहीत. स्वतःच्याच रक्तातला अर्क गुडघ्यात टोचण्याचं महागडं इंजेक्शन २०२१ साली ऑस्ट्रेलियात साध्या मिठाच्या पाण्याशी ताडून पाहिलं, वर्षभरात फरक नाही. सर्वांत बोलका प्रयोग २००२चा, ह्यूस्टन शहरातला. झीज झालेल्या १८० रुग्णांपैकी काहींचा गुडघा दुर्बिणीतून धुऊन साफ केला, काहींना नुसता वर छेद देऊन टाके घातले. कुणाचं काय केलं हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. दोन वर्षं दोन्हींना आराम सारखाच. तरीही "दुर्बिणीनं साफ करून टाकू" हे वाक्य आजही ऐकू येतं. बिनलेबलाच्या पुड्यांचं तर बोलूच नये. दोन दिवसांत जादूसारखा उतार पडला तर त्यांत स्टेरॉइड असल्याचा संशय घ्यावा.

हे सगळं झाल्यावरही काही गुडघे खरोखर संपलेले असतात. पाय धनुष्यासारखे वाकलेले, रात्री झोप नाही, घरातल्या घरात चालणं मुश्किल. त्यांच्यासाठी सांधा बदलणं हाच उपाय, आणि तो चांगला उपाय आहे. आपल्या लोकांना तो कळला अटलबिहारी वाजपेयींमुळे. पंतप्रधान असतानाच २०००मध्ये डावा आणि २००१मध्ये उजवा, असे त्यांचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले गेले. ते करणारे डॉ. चित्तरंजन राणावत हे न्यूयॉर्कमध्ये १९७०च्या दशकात आधुनिक कृत्रिम गुडघा घडवणाऱ्या चमूतलेच. पुढे पुण्याच्या डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीयांचा बांधा आणि बसण्याउठण्याच्या सवयी लक्षात घेऊन 'इंडस' गुडघा तयार केला. ऑगस्ट २०१७मध्ये केंद्रानं कृत्रिम सांध्यांच्या किमतींना लगाम घातला; दीड लाखाच्या घरातला कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी इतका खाली आला. परदेशातल्या नोंदींनुसार शंभरातले ८२ असे गुडघे २५ वर्षं टिकतात. पण बदललेल्या गुडघ्यानं पुन्हा निंदायला बसता येईल, अशी आशा धरू नये.

त्याआधी करण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं बहुतेक फुकट आहे. वजन एक किलोनं उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो. उताणं झोपून एक गुडघा वाकवायचा, दुसरा पाय ताठ ठेवून हातभर उचलायचा, दहा अंक मोजायचे, सावकाश खाली आणायचा. जमिनीवर गुंडाळलेला टॉवेल ठेवून गुडघ्यानं दाबायचा. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि धप्पकन न बसता हळू बसायचं. थोडं दुखलं तरी चालतं. दुसऱ्या दिवशी सूज आली तर कमी करायचं. गुण यायला सहा-आठ आठवडे लागतात, आणि लोक दहाव्या दिवशी सोडतात. शेतमालकांनीही बायांना लांब दांड्याचं खुरपं किंवा सायकल डवरा द्यावा. उभ्यानं होणारं काम बसून करवून घेण्यात काही शहाणपण नाही.

नाचणगावहून सेवाग्राम किंवा सावंगीचं मोठं रुग्णालय तासाभराच्या टप्प्यात आहे. जाताना जुने फोटो आणि खाल्लेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, शस्त्रक्रियेचं निघालं तर सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, आणि कोणता व्यायाम, दिवसातून किती वेळा, किती आठवडे, हे कागदावर लिहून घेतल्याशिवाय डॉक्टरांसमोरून उठू नका.